गाडीला आलेलं स्थळ

देगलूर डेपोत नागप्पाएवढा लाजरा ड्रायव्हर दुसरा झाला नाही. लाजरा म्हणजे चार माणसांत मान खाली घालून बसणारा, असं मात्र नव्हे. बोलायला तो मोकळा होता, हसायला तर फारच. पण आपलं काही चुकलंय, आपल्यात काही उणं आहे, हे लोकांपुढं उघडं पडायची वेळ आली की या माणसाचा जीव कोंडायचा आणि तोंडात जे पहिलं येईल ते तो बोलून टाकायचा. ते बहुधा खोटं असायचं. लहानपणी कुणाकडं गेला की पोट पाठीला लागलेलं असताना "जेवून आलो" म्हणायचा आणि दुसऱ्यांची ताटं बघत बसायचा.

नोकरीतली त्याची एक गोष्ट तर डेपोत कायमची राहिली. नांदेडची गाडी घेऊन निघालेला नागप्पा गप्पांच्या नादात नर्सीचा थांबा ओलांडून पुढं गेला. उतरणारे ओरडायला लागले, कंडक्टर नरसिंगनं घंटी मारली. दुसरा कुणी असता तर "ध्यानातच राहिलं न्हाई बगा" म्हणून गाडी बाजूला घेतली असती. नागप्पा म्हणाला, "ब्रेक लागून न्हाई राहिला." झालं! बायांनी देवाचा धावा सुरू केला, एका म्हाताऱ्यानं खिडकीतून गठुडं बाहेर फेकलं आणि नायगावला गाडी थांबली तेव्हा सगळे उतरून दुसऱ्या गाडीत जाऊन बसले. धडधाकट ब्रेकची ती बस वर्कशॉपात खोलून पडली. मेकॅनिक लोकांना दोष सापडेना. नागप्पा तिथंच उभा राहून त्यांना पाने देत होता, पण खरं बोलला नाही. त्याच्या निवृत्तीच्या समारंभात नरसिंगनं हा किस्सा माईकवर सांगितला तेव्हा सगळा डेपो पोट धरून हसला. नागप्पाही हसला. त्या खोट्यानं कुणाचं काही वाकडं झालं नव्हतं, म्हणून हसता आलं.

बाकी माणूस सोन्यासारखा. बायको कमलम्मा गेली तेव्हा तनुजा अजून शिकत होती. तिच्या डब्याची भाजी हा ड्यूटीवर जायच्या आधी करायचा. मीठ जास्त पडलं तर "मीठच खारट आलंय या बारीला" म्हणायचा, तो भाग वेगळा. पोरगी फार्मसी शिकली, स्टँडजवळच्या एका मेडिकलमध्ये नोकरीला लागली. लग्नाचं तेवढं जमेना. चार-सहा जण येऊन पोहे खाऊन गेले. शेवटचे लातूरचे. त्यांनी पोरीला चालून दाखवायला लावलं, जोरात वाचायला लावलं आणि घरी पोचल्यावर फोनवर कळवलं की मुलीचं वय जरा जास्त वाटतं. त्या दिवशी तनुजानं शांतपणे कपबशा विसळल्या आणि म्हणाली, "अप्पा, आता बास. यापुढं मी कुणासमोर बसणार नाही." नागप्पानं मान हलवली आणि त्या दिवसापासून पुन्हा विषय काढला नाही.

आता गाडीचं सांगायला हवं.

नागप्पाच्या घरासमोर साखराबाई देशमुखांचं घर. त्यांच्या सासऱ्यांनी मोठं युद्ध संपल्यावर सिकंदराबादच्या लिलावात ब्रिटिश फौजेची एक हंबर गाडी विकत घेतली होती. डब्यासारखी उभी, जाड पत्र्याची, चारी चाकांना जोर देणारी. आत पुढच्या सीटच्या पाठीमागं नकाशे पसरायला घडीचं टेबल होतं. त्या टेबलावर गोऱ्या साहेबांनी काय काय आखलं असेल ते असो, देशमुखांच्या घरी आल्यावर त्यावर पानाचा डबा ठेवला जायचा. पावसाळ्यात काळ्या मातीत बैलगाड्या रुतून बसायच्या, तिथून ही सरळ निघायची. नाव हंबर आणि तिचा भोंगाही म्हशीनं हंबरावं तसाच, त्यामुळं पोरंसोरं तिला म्हैसच म्हणायची. साखराबाईंचे मालक हणमंतराव पाय चालत होते तोवर ती चालवत राहिले. ते गेले आणि गाडी गोठ्याशेजारी पत्र्याखाली जाऊन बसली. तिच्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या.

नागप्पा निवृत्त झाला त्या वर्षी साखराबाईंनी त्याला बोलावून घेतलं.

"नागप्पा, भंगारवाला लई दिवस मागं लागलाय. त्याच्या हातात देण्यापरीस तू ने. तुला हौस हाय, तुला येतंय बी. मला काय बी नको."

"काकू, अशी फुकट कशी नेऊ?"

"फुकट न्हाई. एक शब्द दे. इकायची न्हाई. नकोशी झाली तर माझ्या दारात परत आणून उभी करायची, बास."

नागप्पानं त्यांच्या पायाला हात लावून शब्द दिला.

पुढची कितीतरी वर्षं त्या गाडीत गेली. हैदराबादच्या जुन्या बाजारात भंगाराच्या ढिगात बसून त्यानं सामान उपसलं. जे मिळालं नाही ते नांदेडला लेथवर करून घेतलं. डेपोतले जुने सोबती रविवारी यायचे, कुणी वायरिंग बघायचं, कुणी पत्रा ठोकायचं. हिरव्या रंगाचा नेमका फौजी वाण जमेना म्हणून तीनदा खरवडून रंगवली. तनुजा दुकानातून आली की बोनेटजवळ टॉर्च धरून उभी राहायची. एका दसऱ्याला हँडल मारल्यावर इंजिन धडधडलं आणि गल्लीतली कुत्री भुंकत पळाली. पहिल्या फेरीला साखराबाई पुढच्या सीटवर बसल्या. डोक्यावरचा पदर धरून त्या गावभर फिरल्या आणि परत आल्यावर कितीतरी वेळ खाली उतरल्याच नाहीत. म्हणाल्या, "मालक असते तर तुला शिव्या दिल्या असत्या, माझ्याहून चांगली चालवतोस म्हणून."

इतकी कौतुकाची गाडी विकायची वेळ का आली? तर डोळ्यामुळं. नांदेडच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डाव्या बाजूचं दिसणं बरंचसं गेलंय, परत यायचं नाही, थेंब घाला आणि गाडी सोडा. सबंध नोकरीत एकाही माणसाला न खरचटवलेला ड्रायव्हर तो. परतताना बसच्या खिडकीशी बसून त्याला रडू आलं. शेजाऱ्यानं विचारलं तर म्हणाला, "धूळ गेली." घरी तनुजाला म्हणाला, चष्म्याचा नंबर वाढलाय. थेंबाची बाटली त्यानं गाडीच्या टूलबॉक्समध्ये लपवली. पोरगी मेडिकलमध्ये कामाला आणि बाप औषध लपवतोय, आता काय म्हणावं! पुढं एकदा बाजाराच्या वळणावर डावीकडचा विजेचा खांब दिसला नाही आणि मडगार्ड घासलं. ते त्यानं भल्या पहाटे उठून ठोकून, रंगवून टाकलं. खांबाच्या जागी माणूस असता तर, हा विचार मात्र रंगवून झाकता येईना.

खरं तर सोपं होतं. गाडी साखराबाईंच्या दारात नेऊन उभी करायची आणि सांगायचं, काकू, डोळा गेला. पण 'डोळा गेला' हे दोन शब्द नागप्पाच्या तोंडून निघणं म्हणजे महाकठीण. त्यापेक्षा त्यानं मोबाइलवर जाहिरात टाकली. जुनी ब्रिटिश मिलिटरी गाडी, फोर व्हील, चालू हालतीत, विकणे आहे. तनुजालाही सांगितलं नाही. गिऱ्हाईक आलं की गावाबाहेर पेट्रोल पंपावर भेटायचं, व्यवहार उरकायचा आणि मग गल्लीत काहीतरी सांगू, म्युझियमवाल्यांनी नेली वगैरे, असा त्याचा बेत. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. नागप्पाला सगळा जन्म मूठ झाकण्यातच धन्यता वाटत आली होती.

बिदरच्या मडिवाळप्पाचा फोन आला. गावाबाहेर त्याचं हॉटेल होतं आणि जुन्या गाड्यांचं वेड होतं. भेट पुढच्या आठवड्यात पंपावर ठरली. पण त्याची आई नीलम्मा माहूरला रेणुकेच्या दर्शनाला निघाली होती, वाटेत देगलूर. पत्ता विचारत विचारत मायलेक आणि एक मावशी रविवारी सकाळी थेट नागप्पाच्या दारात येऊन उतरले. मडिवाळप्पाच्या अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला विभूती. नीलम्माच्या अंगावर जरीची साडी आणि हातात वेताची टोपली. टोपलीत नारळ, हार, हळदकुंकू, खण, पेढ्यांचा पुडा. गाडी पसंत पडली तर तिथंच पूजा करायची, देवीला निघालोच आहोत तर चांगला दिवस कशाला सोडा, असा त्या बाईचा साधा हिशेब.

आता सांगा, आपल्याकडं रविवारी सकाळी, लग्नाच्या पोरीच्या दारात, अशी माणसं अशी टोपली घेऊन उतरली तर गल्लीनं काय समजावं?

साखराबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. सूप तसंच ठेवून त्या रस्ता ओलांडून आल्या. पाहुणे चपला काढत होते. साखराबाईंनी नागप्पाला कोपऱ्यात ओढलं आणि हळू आवाजात विचारलं, "कुठले रे?"

"बिदरचे."

"तुमच्यातलेच दिसतात. विभूती हाय." साखराबाईंचा चेहरा असा उजळला की ज्याचं नाव ते. "तनूसाठी आलेत व्हय?"

नागप्पाच्या डोळ्यांपुढं त्यांना दिलेला शब्द उभा राहिला. इथं आत्ता या बाईला सांगायचं, तुमची गाडी विकायला काढलीय म्हणून? त्याचा जीव कोंडला.

"हाव," तो म्हणाला.

बोलल्याबरोबर त्याला वाटलं, जीभ चावून मागं घ्यावं. पण साखराबाई ऐकायला थांबल्याच नव्हत्या. वयाला न शोभणाऱ्या चपळाईनं त्या आत गेल्या, फडताळातला पोह्यांचा डबा काढला, शेजारच्या शरणम्माला हाक मारली आणि तनुजाला फोन लावला. तनुजा त्या दिवशी दुकानात माल लावायला गेली होती.

पाहुणे गाडीभोवती फिरत होते, याचं कुणाला नवल वाटलं नाही. नागप्पाकडं येणारा प्रत्येक जण आधी गाडीच बघायचा, मग तो पोस्टमन असो की जावईशोधाला निघालेला सोयरा. मडिवाळप्पानं बोनेट उघडायला लावलं, हँडल मारायला लावलं. पुढच्या चाकांना जोर देणारा दांडा टाकून दाखवा म्हणाला. नागप्पा एकेक दाखवत होता आणि त्याचं सगळं लक्ष घराकडं होतं. मागच्या दारानं तनुजा आलेली त्याला दिसली. आता आत जावं आणि सांगून टाकावं, असं त्यानं ठरवलं. दोनदा पाऊल उचललं. एकदा मडिवाळप्पानं रेडिएटरचं विचारलं म्हणून थांबला. दुसऱ्यांदा कुणीच थांबवलं नाही, तो आपण होऊनच थांबला. एवढं काय, पोरगी नको म्हणेल, तिनं तसं बजावलंच आहे, बाहेर येणारच नाही, अशी त्यानं मनाची समजूत घातली. खोटं आपोआप मिटलं तर बरंच, ही त्याची जुनी सवय.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून साखराबाईंचा आवाज येत होता. "अगं, तुझ्या बापानं सवताच्या तोंडानं सांगितलं मला. तोंड बघायचं होतंस त्याचं, कसं झालं होतं! लई दिवसांनी आशेला लागलाय बिचारा. त्याच्यासाठी बस एक डाव."

नागप्पाच्या हातातलं फडकं नुसतंच बोनेटवर फिरत होतं. त्यानंतर तनुजा म्हणाली, "बरं. आईची हिरवी काढा."

कमलम्माची हिरवी इरकल. त्या क्षणी तो आत जाऊ शकत होता. गेला नाही, हे इथं स्पष्ट सांगायला हवं, कारण पुढं आयुष्यभर त्याला सगळ्यात जास्त लाज त्या क्षणाची वाटत राहिली. "हाव" तरी घाईत निघून गेलं होतं. आता त्याला सगळं कळत होतं, वेळही होता, आणि तो बोनेट पुसत उभा राहिला.

साखराबाई घरून साजूक तूप आणायला म्हणून रस्ता ओलांडून गेल्या आणि त्याच वेळी तनुजा पोह्यांचं तबक घेऊन ओसरीवर आली. हिरवी इरकल, केसात शरणम्मानं माळलेला गजरा, मान खाली. तिनं वाकून नीलम्माला नमस्कार केला, मावशीला केला. नीलम्मानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि कौतुकानं म्हणाली, "छलो अद री, छान आहे की! कोण म्हणायची ही?"

"लेक माझी," नागप्पा म्हणाला.

एवढ्यात मडिवाळप्पा गाडीखालून हात झटकत बाहेर आला. मोबाइल खिशात घालत म्हणाला, "काका, काम झालं बघा. बायकोला फोटो पाठवले. ती म्हणून राहिली, पोरांना मागं बसायला जागा चांगली आहे, सोडू नका. विसार आजच देऊन टाकतो. माहूरवरून परत येताना गाडी घेऊन जाऊ."

तबकातल्या चमच्यांचा बारीक आवाज झाला. तनुजानं मान वर केली. तिनं मडिवाळप्पाकडं बघितलं, टोपलीतल्या हाराकडं बघितलं, गाडीकडं बघितलं आणि शेवटी बापाकडं. नागप्पानं नजर बोनेटच्या कडीवर लावली. ती कडी त्यानं स्वतः घासून चकचकीत केली होती, तिच्यात आता बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

कुणाला वाटेल तनुजा तबक टाकून आत गेली असेल. तिनं तबक टेबलावर ठेवलं, एकेकाच्या हातात बशी दिली, मडिवाळप्पाला लिंबाची फोड पुढं केली आणि विचारलं, "गाडी कशी वाटली?"

"एक नंबर!" मडिवाळप्पा म्हणाला.

नीलम्मानं तिच्या साडीकडं बघत विचारलं, "घरात आज काही कार्य आहे काय, बाळा?"

"हो," तनुजा म्हणाली. "गाडी जाणार ना आमची."

नीलम्माचे डोळे पाण्यानं भरले. भाबडी बाई ती, तिला वाटलं केवढी माया या लोकांची. तिनं उठून गाडीला हार घातला, हळदकुंकू वाहिलं, चाकाजवळ नारळ फोडला. मग दुसरा नारळ आणि खण घेऊन तनुजाकडं आली. "ज्या घरातून गाडी न्यायची त्या घरच्या लेकीला तसंच ठेवू नये," असं म्हणत तिच्या कपाळाला कुंकू लावलं, हातात खण-नारळ दिला आणि पेढा भरवला.

साखराबाई तुपाची वाटी घेऊन रस्त्याच्या मधोमध पोचल्या होत्या. त्यांनी एवढंच पाहिलं. आमच्याकडं पाहुण्यांनी पोरीला कुंकू लावलं, हातात नारळ दिला, की पसंती झाली. त्याला दुसरा अर्थ नाही. साखराबाईंनी वाटी शेजारच्या ओट्यावर ठेवली, पदरानं डोळे पुसले आणि गल्लीकडं वळून मोठ्यानं म्हणाल्या, "शरणे, साखर आण गं! तनूला कुंकू लावलं!"

पाहुणे घाईत होते, माहूर गाठायचं होतं. आपल्या गाडीत बसताना गल्लीतल्या बाया एवढ्या प्रेमानं हात का हलवतात हे त्यांना कळलं नसणार. देगलूरची माणसं फार चांगली, असं म्हणत ते गेले असतील.

त्यानंतर दुपारभर लोक येत राहिले. प्रत्येक जण नागप्पाच्या तळहातावर साखर ठेवायचा आणि नागप्पा ती तोंडात टाकायचा. "हॉटेल हाय म्हणं पोराचं?" "हाय." "एकुलता एक?" "हाव." विचारतील त्याला तो मान हलवत होता. साखर नकोशी झाली होती, पण न खाऊन सांगणार काय? सांगताही येईना आणि सहनही होईना, अशी गत. तनुजा आतल्या खोलीत होती. बायांना वाटलं लाजलीय.

दिवेलागणीला गर्दी ओसरली. तनुजा साधा ड्रेस घालून बाहेर आली. कपाळ धुतलेलं होतं. बापासमोर न बसता खांबाला टेकून उभी राहिली.

"समोरच्या आजीला खरं सांगणं तुम्हाला जमायचं नाही," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, त्यामुळं नागप्पाला जास्तच ऐकवेना. "चार दिवसांनी सांगा, त्यांनी नकार कळवला. मुलीचं वय जास्त वाटलं म्हणा. लोकांना ते लगेच पटतं."

आणि काय सांगावं, ऐकल्याबरोबर नागप्पाला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. खरोखर वाटलं. गाडी कुठं गेली ते नकाराच्या गडबडीत कुणी विचारणार नाही, डोळ्याचं निघणार नाही, पोरीला नकार येणं गल्लीला नवीन नाही. सगळं कसं नीट बसत होतं. आणि मग आपल्याला बरं वाटलं हे त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याला आपलीच किळस आली. लेकीनं स्वतःचं नाक कापून बापाच्या हातात ठेवलं होतं आणि बाप ते घ्यायला हात पुढं करत होता.

तो उठला. चपला न घालताच रस्ता ओलांडून गेला.

साखराबाई देवापुढं दिवा लावत होत्या. "ये रे, ये. तारीख कवाची धरायची?"

"काकू, ते पोरीला बघायला आले नव्हते," नागप्पा म्हणाला. "गाडी घ्यायला आले होते. म्या गाडी इकली, विसार घेतला. तुमाला खोटं बोललो. तनूला काय बी ठाऊक नव्हतं."

साखराबाईंच्या हातातली काडी विझली. त्या पाटावर बसल्या. म्हणाल्या, "का इकलीस?"

"डोळा गेला. डाव्या अंगाचं दिसत न्हाई."

"मंग तसं सांगायचं होतंस की. म्या काय हसले असते तुला?"

हसल्या नसत्या, हे त्यालाही ठाऊक होतं.

"गाडीचं मला वाईट वाटलं असतं, दोन दिवस रडले असते, झालं." त्यांनी विझलेली काडी बाजूला टाकली. "पर त्या लेकराला म्या बळंच बसवलं रे. नको म्हणत होती. तुझ्यासाठी बस म्हणलं म्या. तिच्या केसात गजरा घालताना शरणी गाणं म्हणत होती."

नागप्पा उंबऱ्यात खाली बसला.

"इथं बसू नको," साखराबाई म्हणाल्या. "विसार घेतलास, आता त्या लोकांला फिरवू नको. गाडी जाऊ दे. पर ज्यानं ज्यानं तुझ्या हातावर साखर ठेवली, त्याच्या त्याच्या दारात तू जा. म्या सांगणार न्हाई, आन् पोरीला सांगू द्यायचं न्हाई."

लग्नघरचा माणूस अक्षता द्यायला घरोघर जातो, तसा नागप्पा त्या संध्याकाळी गल्लीतून फिरला. फक्त हातात अक्षता नव्हत्या. लोक हसतमुखानं दार उघडायचे, "बसा, चहा घ्या" म्हणायचे, आणि तो उभ्यानंच आपलं वाक्य बोलायचा. कुणी "असू द्या, असू द्या" म्हणालं, कुणी दार लावून घेतलं. एका घरात आतून हसण्याचा आवाज आला. शरणम्माला तर पटेचना. ती जवळ येऊन, समजूत घालावी तशी म्हणाली, "पसंत पडली न्हाई व्हय? मंग तसं सांगा की अप्पा. आम्ही काय परके हाव? एवढं गाडीचं कशाला रचून राहिलात?"

तिनंही तीच वाट दाखवली.

"न्हाई शरणम्मा. पोरीला कुणी नापसंत केलं न्हाई. कुणी बघायलाच आलं नव्हतं. गाडीचं गिऱ्हाईक होतं आन् म्या खोटं बोललो. दुसऱ्यानं कुणी इचारलं तर असंच सांगा." आवाज जरा चढलाच त्याचा. समोरच्या ओट्यावरची माणसं वळून बघायला लागली. त्यांच्याकडं तोंड करून तो पुन्हा तेच बोलला.

घरी आला तेव्हा तनुजा भाकऱ्या थापत होती. तो मोरीवर पाय धुऊन आला आणि दारात उभा राहिला.

"सांगितलं सगळ्यांना," तो म्हणाला.

"गल्ली केवढीशी, अप्पा. ऐकू आलं मला." तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "आजीला सांगितलं, शरणम्माला सांगितलं, ओट्यावरच्या लोकांना सांगितलं." मग ती पहिल्यांदा त्याच्याकडं वळली. पिठाचे हात तसेच धरून म्हणाली, "मला कधी सांगणार?"

सबंध गल्लीत बोलून पाठ झालेलं ते वाक्य नागप्पानं जुळवायला घेतलं, पण लेकीच्या तोंडाकडं बघून त्याला त्यातला पहिला शब्दसुद्धा आठवेना.